आकाशांतील रस्ते : शेफील्डच्या पार्क हिलचा इतिहास

इंग्लंडच्या उत्तर भागांतील शेफील्ड शहर सुऱ्याकात्र्या आणि पोलाद यांसाठीं जगप्रसिद्ध झालें. तेथील रेल्वे स्टेशनाच्या मागें एक टेकडी आहे. तिच्या उतारावर, किल्ल्याच्या तटासारखी वळणें घेत गेलेली, काँक्रीटची एक प्रचंड इमारत पसरली आहे. तिचें नांव पार्क हिल. हा तट कोणा राजानें बांधलेला नाहीं. शहराच्या नगरपालिकेनें तो आपल्या कष्टकरी भाडेकरूंसाठीं १९५७ ते १९६१ या काळांत उभारला. लोकांनीं त्याला प्रथम डोक्यावर घेतलें, पुढें त्याला नांवें ठेवलीं, आणि अखेरीस सरकारनें राष्ट्राचा ठेवा म्हणून तो जपण्याचें ठरविलें. एकाच वास्तूविषयीं एका समाजाचें मत इतकें कां पालटावें, हें समजण्यासाठीं तिच्या जागीं पूर्वीं काय होतें तें आधीं पाहिलें पाहिजे.

एकोणिसाव्या शतकांत कारखाने वाढले, तशी या टेकडीवर मजुरांच्या घरांची दाटी झाली. कित्येक घरें पाठीला पाठ लावून बांधलेलीं असत. मागच्या बाजूस दार नाहीं, खिडकी नाहीं. मग वारा आरपार खेळणार कोठून? नळ आणि शौचकूप अंगणांत, तेही अनेक कुटुंबांत मिळून. १९२० नंतरच्या दशकांत गुंडांच्या टोळ्यांमुळें या भागाला ‘लिटल शिकागो’ असें नांव पडलें. १९३० नंतर हीं घरें पाडण्यास आरंभ झाला, परंतु महायुद्धानें तें काम अडलें. डिसेंबर १९४० मध्यें जर्मन बाँबहल्ल्यांनीं शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला आणि घरांची टंचाई अधिकच तीव्र झाली.

१९५३ सालीं लुईस वोमर्स्ली हे शेफील्डचे मुख्य नगरशिल्पी झाले. त्यांच्या हाताखालीं जॅक लिन आणि आयव्हर स्मिथ या दोन तरुण शिल्पज्ञांकडे हें काम आलें. त्यांच्यापुढील प्रश्न केवळ खोल्या किती बांधाव्या एवढाच नव्हता. जुन्या गल्ल्यांत घाण होती, रोगराई होती. पण तेथें शेजारही होता. दारांत उभ्या राहून बायका बोलत, पोरें एकत्र खेळत, अडल्यानडल्यास पलीकडच्या घरची हांक पुरत असे. उंच इमारतींत जिना आणि पाळणा यांनीं कुटुंबें एकमेकांपासून तुटतात. तेव्हां घाण जावी, पण गल्ली राहावी, असा मार्ग त्यांनीं काढला. गल्लीच त्यांनीं वर उचलली.

दर तिसऱ्या मजल्यावर सुमारें दहा फूट रुंदीची एक लांबच लांब गॅलरी काढण्यांत आली. घरांचीं दारें तिच्यावर उघडत, आणि दुधाची छोटी विजेची गाडी तिच्यावरून दारोदार फिरत असे. मुंबईच्या चाळींत वाढलेल्या माणसाला गॅलरीचें महत्त्व निराळें सांगावयास नको; पण येथें ती खरोखरीच्या रस्त्याइतकी रुंद करून इमारतीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत पुलांनीं जोडलेली होती. टेकडीच्या उतारामुळें बहुतेक गॅलऱ्या कोठें ना कोठें जमिनीला मिळत. छपराची रेषा मात्र सर्वत्र एकाच पातळींत ठेवली होती. त्यामुळें माथ्याकडे इमारत चार मजल्यांची, तर पायथ्याशीं तेरा मजल्यांची झाली.

एकंदर ९९५ बिऱ्हाडें येथें झालीं. प्रत्येकास स्वतंत्र स्नानगृह आणि मध्यवर्ती भट्टीवरून येणारी ऊब मिळाली. स्वयंपाकघरांतील केरकचरा मोरींतून पाण्याबरोबर वाहून नेण्याची एक फ्रेंच योजनाही बसविण्यांत आली. दुकानें होतीं, पानगृहें होतीं. नगरपालिकेनें जुन्या शेजाऱ्यांना शक्यतों शेजारींच घरें दिलीं आणि गॅलऱ्यांना पाडलेल्या गल्ल्यांचींच नांवें ठेवलीं. जुन्या रस्त्यांतले दगडही आवारांतील वाटांसाठीं वापरले गेले. १९६१ सालीं मजूर पक्षाचे नेते ह्यू गेट्स्केल यांच्या हस्तें इमारतीचें उद्‌घाटन झालें.

या शिल्पशैलीला ब्रूटलिझम म्हणतात. हा शब्द ऐकून क्रौर्याची कल्पना मनांत येते, पण त्याचें मूळ ‘कच्चा, न सजविलेला’ या अर्थाच्या ‘ब्रू’ या फ्रेंच शब्दांत आहे. ल कोर्ब्यूझिए यांनीं मार्सेय येथें १९५२ सालीं पुरी केलेली वसाहत आणि पुढें चंडीगड येथें उभारलेल्या इमारती यांत काँक्रीटवर गिलावा न देतां सांच्याच्या फळ्यांचे ठसे तसेच राखले. भिंत ज्याची आहे त्याचीच दिसावी, हा या पंथाचा आग्रह. पार्क हिलमध्यें काँक्रीटचा सांगाडा उघडाच ठेवून त्याच्या चौकटींत रंगीत विटा भरल्या होत्या.

पहिलीं वर्षें सुखाचीं गेलीं. परंतु १९७० नंतर शेफील्डचे पोलादाचे कारखाने एकामागून एक बंद पडूं लागले. ज्यांच्या पगारांवर ही वसाहत उभी होती तेच बेकार झाले. नगरपालिकेचा हात आंखडला आणि दुरुस्त्या राहून गेल्या. काँक्रीटच्या भेगांतून पाणी शिरलें कीं आंतील लोखंड गंजतें, गंजून फुगतें, आणि वरचें काँक्रीट ढलप्यांनीं सुटतें. येथेंही तेंच झालें. ज्या गॅलऱ्यांनीं शेजार जोडला होता, त्यांच्या अनेक वाटा चोराला पळावयासही सोयीच्या ठरल्या. लोक इमारतीलाच दोष देऊं लागले. पण तीच गॅलरी, तेंच काँक्रीट १९६१ सालींही होतें. बदललें होतें तें त्यांच्यामागचें शहर.

तोफेच्या तोंडीं जाण्याची वेळ आली असतां १९९८ सालीं सरकारनें पार्क हिलची गणना उच्च श्रेणीच्या संरक्षित वास्तूंत केली. लंडनची रॉबिन हूड गार्डन्स ही तशीच वसाहत इतकी भाग्यवान ठरली नाहीं. तिला संरक्षण नाकारलें गेलें आणि २०१७ सालीं ती पाडण्यास आरंभ झाला. पार्क हिलचा जीर्णोद्धार एका खासगी बांधकाम संस्थेकडे सोंपविण्यांत आला. पहिल्या टप्प्यांत जुन्या विटा काढून भडक रंगांचे धातूचे पत्रे बसविले. दुसऱ्या टप्प्यांत मात्र विटा राखल्या. २०१३ आणि २०२४ या दोन्ही सालीं हें काम ब्रिटनमधील मानाच्या स्टर्लिंग पारितोषिकाच्या अंतिम यादींत आलें.

इमारत वांचली, यांत शंका नाहीं. परंतु जीर्णोद्धारासाठीं जुन्या भाडेकरूंना घरें रिकामीं करावीं लागलीं, आणि नव्या घरांचा मोठा भाग विक्रीसाठीं काढला गेला. कांहीं भाग विद्यार्थ्यांच्या निवासाला गेला. नगरपालिकेनें एके काळीं कुटुंबांबरोबर त्यांचा शेजारही उचलून वर नेला होता. या वेळीं काँक्रीट जागच्या जागीं राहिलें, शेजार तेवढा विखुरला. सरकारी संरक्षण भिंतींना मिळतें. भाडेकरूच्या दारापुढच्या गल्लीला तें कसें द्यावें, याचें उत्तर त्या कायद्यांत नाहीं.