पाळणे आणि पाळत



मराठीत वचन पाळतात, कायदा पाळतात; आणि आपल्याच गावांतून शिवाशिवही ‘पाळली’ गेली. यांतले कोणते पाळणे प्रत्यक्षात चालू आहे, हे कळण्यासाठी कुणीतरी पाळत ठेवावी लागते. त्या पाळतीचा इतिहास मी आज मांडणार आहे.

बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता तेव्हा, १९२३ साली, सीताराम केशव बोले यांनी कायदे कौन्सिलात ठराव संमत करून घेतला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या, पण बहुतांशी कागदावरच. १९२५ च्या एप्रिलात आपल्या निपाणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली. १९२६ साली बोल्यांनी पुढचा ठराव आणला : अंमल न करणाऱ्या नगरपालिकांचे सरकारी अनुदान बंद करावे. तरीही १९२७ मध्ये महाडच्या तळ्यावर लोकांना स्वतः जावे लागले. १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीने इलाख्यातील परिस्थितीची चौकशी केली. बाबासाहेब तिचे एक सदस्य होते.

पुढे हाच प्रश्न जगापुढे आला. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाची तक्रार संयुक्त राष्ट्रांत नेणारा देश भारतच. १९६५ साली वांशिक भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने तो १९६८ मध्ये स्वीकारला. प्रत्येक राष्ट्राने ठराविक मुदतीत अहवाल द्यावा आणि अठरा तज्ज्ञांच्या समितीने तो तपासावा, अशी त्याची योजना आहे.

करारातील भेदभावाच्या व्याख्येत वंश, वर्ण यांच्याबरोबर ‘जन्मकूळ’ या अर्थाचा शब्द आहे, आणि तो भारताच्याच सूचनेवरून आला. त्यात जातही येते, असे समितीने १९९६ मध्ये भारताला सांगितले. २००२ मध्ये तसा सर्वसाधारण अभिप्रायही दिला. जात म्हणजे वंश नव्हे, ही भारत सरकारची भूमिका २००७ च्या तपासणीतही कायम राहिली. २०१० साली द्यावयाचा पुढचा अहवाल मुदतीत गेला नाही.

शब्दाचा हा वाद विद्वानांनी अवश्य करावा. पण पाणवठ्यावर अडवलेल्या माणसाला त्याच्या निकालापर्यंत थांबता येत नाही.

मित्रहो, आपण सीमाभागातली माणसे. मातृभाषेतील शिक्षणासाठी घटनेच्या ३५० अ कलमाचा आधार घेऊन आपण सरकारला जाब विचारतो, आणि तो विचारलाच पाहिजे. परंतु जो अल्पसंख्य म्हणून न्याय मागतो, त्याने आपल्या गल्लीतल्या पाणवठ्याचा, देवळाचा, स्मशानाचा अहवालही तितक्याच निर्भयपणे लिहावा. जिनिव्हातील समितीला आपले गाव दिसत नाही. ते तुम्हांला दिसते.