आठ प्रतींचं पुस्तक

टी. ई. लॉरेन्सचं 'सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम' आज स्वस्तात मिळतं. पहिल्या महायुद्धात अरबांनी तुर्कांविरुद्ध केलेल्या उठावाची, त्यात वावरलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिहिलेली ही हकिकत. संग्राहकांची उडी मात्र त्याने स्वतः काढलेल्या १९२६च्या आवृत्तीवर पडते. वर्गणी तीस गिनी, प्रती दोनशेच्या आसपास, बांधणी जवळपास दर प्रतीची वेगळी, आत केनिंग्टन आणि इतरांची चित्रं. हौस इतकी, की वर्गणीतून खर्च भागेना आणि देणं फेडायला 'रिव्होल्ट इन द डेझर्ट' हा संक्षेप १९२७मध्ये बाजारात आणावा लागला. तो निघाला तेव्हा लेखक नाव बदलून हवाई दलातला साधा शिपाई म्हणून कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, चाकरी करत होता.

या देखण्या प्रतीपेक्षा मोलाची आहे ती १९२२ची ओबडधोबड प्रत, असं माझं मत आहे. 'ऑक्सफर्ड टाइम्स' या वर्तमानपत्राच्या छापखान्यात लॉरेन्सने तिच्या आठच प्रती काढल्या, कारण टंकलेखनापेक्षा ते स्वस्त पडत होतं. आधीचा एक खर्डा १९१९मध्ये रेडिंग स्टेशनवर हरवला होता, तेव्हा एकाच प्रतीवर विसंबणं त्याला परवडणारं नव्हतं. मजकूर दोन स्तंभांत दाटीवाटीने बसवलेला. छापखान्यातल्या कुणाला सलग वाचता येऊ नये म्हणून प्रकरणं उलटसुलट क्रमाने धाडलेली. दुर्मिळता दोन्ही आवृत्त्यांत आहे, पण पहिली गरजेपोटी आली, दुसरी ठरवून आणली. आणि ठरवून केलेल्या गोष्टीचा मजकुरावर परिणाम झालाच. परिच्छेदाची शेवटची ओळ तोकडी दिसू नये, पान नव्या परिच्छेदाने उघडावं, यासाठी लॉरेन्सने वाक्यं छाटली, लांबवली. साक्षीदाराचं म्हणणं खिळ्यांच्या मापाने बेतलं गेलं.

यावर कुणी म्हणेल, मजकूर तोच असेल तर जुन्या कागदावर एवढे पैसे उधळायचे कशाला? पण मजकूर तोच नाही. १९२२चा सुमारे ३,३४,००० शब्दांचा आहे, १९२६चा अडीच लाखांचा. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: छाटणी लेखकानेच केली, तेव्हा त्याचा अखेरचा शब्द प्रमाण मानायला हवा. साहित्यकृती म्हणून वाचणाऱ्याने तो खुशाल मानावा. युद्धाचा पुरावा शोधणाऱ्याला मात्र आधी काय लिहिलं होतं आणि काय गाळलं हेच हवं असतं, आणि ते कळतं दोन्ही पाठ शेजारी ठेवल्यावर. १९२२चा पाठ पुस्तकरूपात निघायला १९९७ उजाडलं. त्याचं हस्तलिखित बॉडलियन ग्रंथालयात होतं, हे खरं. पण छापून आल्यावर लॉरेन्सने हाताने केलेल्या दुरुस्त्या पाहायच्या तर उरलेल्या सहा प्रतींकडेच जावं लागतं.