चांद्याच्या अरण्यातील शाळा व विद्यार्थ्यांचे आरोग्य



आपण शहरात राहणारी मंडळी. मुलाला थोडी कणकण आली की आपण त्यास पांघरूण घालून निजवितो आणि शाळेत चिठ्ठी पाठवितो. चिठ्ठीत ‘ताप’ हा शब्द असला म्हणजे गुरुजींचे समाधान होते. परंतु ज्या घरात चिठ्ठी लिहिणारेच कोणी नाही, त्या घरच्या मुलाची गैरहजेरी गुरुजींनी कोणत्या खाती मांडावी? चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या जंगलपट्टीत मी उभी हयात मास्तरकी केली. जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि वर अध्यापनाची पदविका, एवढीच माझी विद्या. त्यातील पुष्कळ वर्षे एका कॅथलिक मिशनच्या माध्यमिक शाळेत गेली. वैद्यकावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण हजेरीपट मी खूप लिहिले आहेत, आणि आज जे सांगावयाचे ते बहुतेक त्यांच्याच आधारे.

विद्यार्थ्याच्या शरीराची जबाबदारी शाळेकडे येते, ही कल्पना फार जुनी नाही. बोअर युद्धात भरतीसाठी आलेल्या तरुणांपैकी कितीतरी जण अशक्त म्हणून नाकारले गेले, तेव्हा इंग्लंडचे डोळे उघडले आणि १९०७ साली तेथे शाळकरी मुलांच्या वैद्यकीय तपासणीचा कायदा झाला. आपल्याकडे हा मान बडोद्याचा. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०९ साली बडोदे शहरात शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. हिंदुस्थानातील ती पहिली म्हणून गणली जाते. या दोन सालांचा संबंध मला तरी उघड दिसतो. मुलाला शाळेत येण्याची सक्ती करावयाची, तर ते येण्याच्या स्थितीत आहे की नाही हे पाहणे ओघानेच आले. इतरत्र मात्र फारसे काही घडले नाही. १९४६ च्या भोर समितीने, देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच, असा स्पष्ट निर्वाळा दिला. पुढे १९६० साली रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली खास समिती नेमावी लागली, ती याच कारणाने.

आता आमच्या भागातील कॅथलिक शाळांकडे वळू. यातील पुष्कळ शाळांचा वंश शोधू गेल्यास केरळात जावे लागते. १९६२ साली चांदा हे सीरो-मलबार पंथाचे स्वतंत्र धर्मक्षेत्र झाले आणि तेथील कार्य केरळातील कार्मेल संघाच्या धर्मगुरूंकडे आले. या संघाचे एक संस्थापक कुरियाकोस एलियास चावरा (१८०५ ते १८७१). त्यांनी १८४६ साली मान्नानम येथे संस्कृत पाठशाळा काढली, आणि १८६४ साली प्रत्येक चर्चबरोबर एक शाळा असावी असा आदेश दिला. एवढ्यावर ते थांबले असते तर त्यांची गोष्ट येथे सांगण्याचे कारण नव्हते. गरिबांची व अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले शाळेत यावीत म्हणून त्यांनी दुपारच्या जेवणाची सोय केली, आणि तिचा खर्च भागविण्यास ‘पिडियरी’ची रीत घातली. पिडियरी म्हणजे मूठभर तांदूळ. घरोघरच्या गृहिणीने चुलीवर भात चढविताना एक मूठ तांदूळ वेगळा काढावा व तो शाळेस द्यावा.

ही मूठ आपल्याला परकी वाटू नये. गोव्यातील ‘मुष्टिफंड’ संस्थेच्या नावातच ती आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांची चूलही मुठी-मुठीच्या धान्यावर पेटत असे, आणि ते अपुरे पडले तेव्हा लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र विकले गेले, हे आपण जाणताच. दोन्ही ठिकाणी मूळ जाण एकच. उपाशी पोराला पाढे शिकविण्यात अर्थ नाही. हल्ली ‘शालेय आरोग्य’ म्हणताच वजनकाटा व तक्ते डोळ्यांपुढे येतात. पण या विषयाचा आरंभ काट्यापासून नव्हे, स्वयंपाकघरापासून झाला.

हेमलकशाचा क्रमही असाच बोलका आहे. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या लोकबिरादरी प्रकल्पाचे काम १९७३ साली औषधोपचाराने सुरू झाले. शाळा निघाली १९७६ साली. आधी दवाखाना, मग शाळा. त्या अरण्यात दुसरा क्रम चाललाच नसता.

आमच्याकडे विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. लगेच धानाची रोवणी येते आणि मोठी मुले बांधीत उतरतात. ती गैरहजेरी आम्हांस कळे. परंतु भाद्रपद-आश्विनात, धान निसवू लागले म्हणजे, हजेरीपटात दुसऱ्याच प्रकारच्या खुणा दिसू लागत. मूल एक दिवस येई, एक दिवस न येई, पुन्हा येई. हा हिवताप. १९५३ साली देशात हिवतापाविरुद्ध मोहीम निघाली, घरोघर डी.डी.टी.ची फवारणी झाली, आणि १९६५ च्या सुमारास रुग्णांची संख्या एक लाखावर आली. रोग गेला असे सर्वांनी धरले. १९७६ साली ती संख्या चौसष्ट लाखांवर गेली! गडचिरोलीच्या रानात तर तो पाहुणा कधी गेलाच नव्हता. मी नोकरीस लागलो तेव्हा जुन्या शिक्षकांनी मला बजाविले होते की, जंगलातील पोरे सणासुदीनंतर आळसावतात, त्यांना सैल सोडू नये. मी तो उपदेश निष्ठेने पाळला.

हिवतापाच्या जोडीला या मुलखात दुसरा एक रोग आहे. रक्तातील तांबडी पेशी गोल न राहता विळ्यासारखी वाकडी होते, म्हणून त्यास सिकलसेल म्हणतात. १९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी त्याचे प्रथम वर्णन केले; भारतात तो १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. १९५४ साली अ‍ॅलिसन यांनी दाखविले की, ज्याला हा दोष आईबापांपैकी एकाकडूनच आला त्याचे तो जीवघेण्या हिवतापापासून काही अंशी रक्षण करतो. दोघांकडून आला तर तोच शत्रू होतो. म्हणजे ज्या जंगलाने हिवताप दिला त्यानेच पिढ्यान्‌पिढ्या हा दोषही सांभाळून ठेविला. गडचिरोलीस डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ संस्थेतर्फे काम मांडल्यावर येथील सिकलसेलची चर्चा सुशिक्षितांत होऊ लागली. माझ्यासारख्या मास्तराच्या कानी ती फार उशिरा आली.

धानोऱ्याकडील एक मुलगा आमच्या वसतिगृहात राही. अंगाने किरकोळ, बोलणे थोडे. तासाला दोन-दोन वेळा पाणी प्यावयास व बाहेर जावयास परवानगी मागे. मी एकदा देई, दुसऱ्यांदा नाकारी. चुकारपणा दुसरा कोणता असतो? पौषातील एका थंड सकाळी तो कवायतीतून मध्येच खाली बसला. शिक्षा म्हणून मी त्यास प्रार्थना संपेपर्यंत झेंड्याच्या खांबापाशी उभा ठेविले. दुसऱ्या तासाला तो पाय धरून असा ओरडू लागला की शेजारचे वर्ग बाहेर आले. शाळेत परिचारिकेचे काम करणाऱ्या एक सिस्टर होत्या. त्यांनी त्याची खालची पापणी ओढून पाहिली, डोळ्यांतील पिवळेपणा पाहिला, आणि मला एक शब्दही न बोलता मुलाला घेऊन जिल्ह्याच्या इस्पितळात गेल्या. रक्ताच्या तपासणीत विळे सापडले.

डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य ऐकून मी मान खाली घातली. भरपूर पाणी द्यावे. थंडीपासून जपावे. दमवू नये. ताप येताच थांबू नये, इस्पितळ गाठावे. तो पोरगा ज्याची परवानगी रोज माझ्याकडे मागत होता, तेच त्याचे औषध होते.

त्यानंतर शाळेत काही गोष्टी बदलल्या. पाणी व लघुशंका यांस परवानगीची अट राहिली नाही. प्रत्येक वर्गात माठ आला. वसतिगृहात मच्छरदाण्या आल्या. हजेरीपटाचे पान महिन्याअखेर सिस्टरांनी पाहावे, असा मुख्याध्यापकांनी नियम केला. दर रविवारी सायंकाळी आईबाप भेटून गेले की काही लहान मुलांचे पोट दुखे. त्यावर सिस्टरांचे औषध मोठे नामी होते. जेवणानंतर तासभर त्यांना आपसात गोंडीत मनसोक्त बोलू देत. दिवसभर मराठीत व इंग्रजीत गप्प बसलेली ती पोरे अशी काही बोलत सुटत की विचारू नका. पोटदुखी बहुधा तेथेच मिटे.

शासनाचेही पाऊल पुढे पडले, हे मान्य केले पाहिजे. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांस तपासू लागली. २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान निघाले. दुपारचे जेवण १९९५ साली प्राथमिक वर्गांसाठी सुरू झाले व पुढे ते आठवीपर्यंत पोचले. तेथेच थांबले. नववीतील मुलगी, जिच्या अंगात रक्त भरण्याचे हेच वय, ती मात्र त्या पंगतीत बसू शकत नाही. आठवीच्या परीक्षेबरोबर भूकही उत्तीर्ण होते, असे कोणी ठरविले असेल तर त्याने शाळेच्या मागील पडवीत दुपारी एकदा येऊन पाहावे.

तो मुलगा तीन आठवड्यांनी परतला. मी त्यास पहिल्या बाकावर, माठाजवळ जागा दिली. निवृत्तीच्या वेळी जुनी दप्तरे आवरताना त्या वर्षीचा हजेरीपट हाती आला. त्याच्या नावापुढे सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत माझ्याच अक्षरात, लाल शाईने, अकरा ठिकाणी ‘विनाकारण’ असा शेरा होता. खोडण्याचा मला अधिकार नव्हता. सरकारी दप्तर ते. मी समासात निळ्या शाईने रोगाचे नाव लिहिले, खाली सही केली, आणि हजेरीपट कपाटात परत ठेविला.