तारेवरची हाक

टेलिफोनचा जनक ग्रॅहम बेल याच्या प्रेयसीचं नाव मार्गारेट हॅलो होतं आणि त्यानं पहिला फोन तिलाच लावला, ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरते. ती साफ खोटी आहे. बेलनं १८७७ साली लग्न केलं ते मेबल हबर्डशी, आणि तिला लहानपणच्या तापानंतर ऐकू येत नव्हतं. फोनवर तिला कोण काय म्हणणार? शिवाय बेलची स्वतःची पसंती होती ‘अहॉय’ला, म्हणजे खलाशांच्या आरोळीला.

‘हॅलो’ रुजवला एडिसननं, आणि तोही रामराम घालायला नव्हे.

सुरुवातीचे फोन दोन ठिकाणांना कायम जोडलेल्या तारेवर चालत. पलीकडचा माणूस टेबलापाशी नसेल तर त्याला यंत्रापाशी आणायचं कसं, ही खरी अडचण. १५ ऑगस्ट १८७७ रोजी एडिसननं पिट्सबर्गच्या एका तार कंपनीच्या अध्यक्षांना कळवलं, की घंटी लागणार नाही. ‘हॅलो’ म्हटलं की १० ते २० फुटांवर ऐकू जातं. इंग्रजीत या कुळातले शब्द जुनेच होते, पण ते नावाड्याला हाक मारायला किंवा शिकारी कुत्री चेतवायला. सभ्य माणसानं दिवाणखान्यात वापरावेत असे नव्हेत.

जानेवारी १८७८मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवनला व्यावसायिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये एक्स्चेंजवर काम करणाऱ्या उद्धट पोरांच्या जागी एमा नट ही पहिली स्त्री ऑपरेटर बसली. अशा ऑपरेटर मुलींना पुढं ‘हॅलो गर्ल’ हेच नाव पडलं. मार्क ट्वेनच्या १८८९च्या कादंबरीतही ते सापडतं. मुंबईत एक्स्चेंज आलं १८८२ साली.

२०२२च्या गांधी जयंतीपासून महाराष्ट्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांना फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सांगितलं. हॅलोला काही अर्थच नाही, अशी त्यामागची एक तक्रार होती. ती तितकीशी खरी नाही. रेंज गेली की आपण चालू बोलणं तोडून तीनदा ‘हॅलो, हॅलो, हॅलो’ ओरडतो, तेव्हा कुणाचं स्वागत करत नसतो. गणपतीच्या मांडवातला माइकवाला ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणत भोंग्याकडं कान लावतो, तोही एडिसनचाच प्रश्न विचारत असतो: आवाज पोचतोय का?