राजा रामचंद्रदेव यादव : पुरुषोत्तमपुरी ताम्रपटाच्या संदर्भात एका कारकिर्दीचे पुनर्मूल्यमापन

प्रस्तावना :
देवगिरीचा यादव राजा रामचंद्रदेव (इ. स. १२७१ ते १३११ च्या सुमारास) याचे नाव इ. स. १२९६ च्या पराभवाशी कायमचे जोडले गेले आहे. चाळीस वर्षांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन एकाच प्रसंगावरून करणे कितपत योग्य आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. आजच्या जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा असलेल्या गोदावरीच्या खोऱ्यात, बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यात पुरुषोत्तमपुरी हे गाव आहे. तेथील शके १२३२ (इ. स. १३१०) चा ताम्रपट डॉ. वा. वि. मिराशी यांनी संपादित केला असून या प्रश्नाच्या अभ्यासात तो महत्त्वाचा ठरतो.

राज्यारोहण व उत्कर्ष :
रामचंद्र हा कृष्णदेवाचा पुत्र. कृष्णानंतर त्याचा भाऊ महादेव गादीवर आला आणि महादेवाने आपला पुत्र आमण यास वारस केले. इ. स. १२७१ मध्ये रामचंद्राने देवगिरीतच आमणास पदच्युत केले. महानुभाव परंपरेनुसार आमणाचे डोळे काढण्यात आले. इ. स. १२७६ मध्ये साळुव टिक्कमाने दोरसमुद्रावर स्वारी केली. मात्र यादव व होयसळ या दोन्ही पक्षांच्या लेखांत विजयाचाच दावा आढळतो. हेमाद्री पंडिताचे प्रशासन, पंढरपूरच्या ‘चौऱ्यांशीच्या’ शिलालेखातील दानाची नोंद आणि शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीच्या अखेरीस आलेला राजाचा उल्लेख यांवरून या राजवटीचा सांस्कृतिक विस्तार लक्षात येतो.

पराभव व मांडलिकत्व :
इ. स. १२९६ मध्ये कडा प्रांताचा सुभेदार अलाउद्दीन खलजी एलिचपूरमार्गे अचानक देवगिरीवर आला. मुख्य सैन्य युवराज शंकरदेवासह राजधानीबाहेर होते. किल्ल्यात धान्य म्हणून नेलेली पोती मिठाची निघाली, ही फिरिश्त्याने दिलेली हकीकत नंतरच्या काळातील आहे. ती बाजूला ठेवली तरी उत्तर सीमेवरील शत्रूच्या हालचालींची वेळीच वार्ता न मिळणे, हा राज्ययंत्रणेतील गंभीर दोष नाकारता येत नाही. येथे मिळालेली संपत्ती अलाउद्दीनास दिल्लीचे तख्त मिळवण्यास उपयोगी पडली. खंडणी थकल्यावर इ. स. १३०७-०८ मध्ये मलिक काफूरने देवगिरी जिंकली. रामचंद्रास दिल्लीस नेण्यात आले. तेथे ‘रायरायान’ हा किताब देऊन त्यास राज्य परत देण्यात आले. पुढे वरंगळ व दोरसमुद्र येथील मोहिमांत त्याने काफूरला साहाय्य केले.

ताम्रपटाची साक्ष :
यानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत दिलेल्या या ताम्रपटात मात्र मांडलिकत्वाचा निर्देश नाही. आमणावरील विजय, वाराणसीची मुक्तता आणि तेथील शार्ङ्गधराचे मंदिर यांचे वर्णन त्यात आहे. असे दावे केवळ प्रशस्तीच्या आधारे सिद्ध मानता येत नाहीत. तथापि, दानाचा व्यवहार वेगळ्या प्रकारे वाचावा लागतो. राजाने पुरुषोत्तम या मंत्र्यास गावे दिली आणि त्याने ती अग्रहार म्हणून ब्राह्मणांना दिली. म्हणजे दिल्लीस खंडणी जात असतानाही गोदावरीकाठच्या भूमीचे दान करण्याचा अधिकार देवगिरीकडेच होता. मांडलिकत्व व अंतर्गत सत्ता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नांदत होत्या.

निष्कर्ष :
१) फार्सी इतिहासग्रंथ व ताम्रपट यांपैकी कोणतेही एक साधन स्वतंत्रपणे पुरेसे नाही, पहिले पराभव ठळक करते, तर दुसरे तो झाकते.
२) रामचंद्राच्या तडजोडीमुळे राज्य काही वर्षे टिकले, परंतु त्याच तडजोडीने दक्षिणेतील इतर सत्तांवरील आक्रमण सुलभ केले.
३) ही व्यवस्था व्यक्तिनिष्ठ होती. रामचंद्रानंतर शंकरदेवाने ती मोडली व तो मारला गेला, इ. स. १३१८ मध्ये हरपालदेवाच्या वधाबरोबर यादव सत्ता संपली. म्हणून रामचंद्रास केवळ दुबळा राजा न म्हणता, शासनात समर्थ पण सीमासंरक्षणात अपयशी ठरलेला राज्यकर्ता म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.