संधिकूर्चा : रचना आणि यांत्रिक बळ

हाडांच्या सांध्याकडील टोकांवर असणारे गुळगुळीत, पांढुरके अस्तर. माणसाच्या गुडघ्यात त्याची जाडी बहुतेक ठिकाणी 2 ते 4 मिमी. असते, गुडघ्याच्या वाटीमागे ती अधिक भरते. या ऊतीत रक्तवाहिन्या व चेतातंतू नसतात, पेशीही विरळ असतात आणि वजनाचा 65 ते 80 टक्के भाग पाण्याचा असतो. तरीही चालताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार ती वर्षानुवर्षे सोसते.

या बळाचे मूळ दोन घटकांच्या ओढाताणीत आहे. ॲग्रेकन या प्रथिन-शर्करा संयुगाच्या अवाढव्य रेणूंवर ऋण विद्युतभार दाटीने असतात. ते परस्परांना दूर लोटतात व धन आयनांना ओढून घेतात. आयनांमागोमाग पाणी आत येते आणि ऊती फुगू पाहते. तिला आवरून धरते ते कोलॅजेनचे जाळे. कोलॅजेनचे तंतू ताणाला चिवट, पण दाबाखाली सहज वाकणारे. फुगवट्यामुळे ते कायम ताठ राहतात, म्हणूनच उपयोगी पडतात. सांध्यावर भार आला की पाणी बाहेर पडू लागते. रंध्रे मात्र इतकी सूक्ष्म असतात की ते चटकन निसटू शकत नाही, आणि सुरुवातीचा बहुतांश भार हे कोंडलेले पाणीच पेलते. व्हॅन मो व सहकाऱ्यांनी 1980 मध्ये मांडलेला द्विप्रावस्था सिद्धांत याच वर्तनाचे गणित आहे.

तंतूंची दिशाही तितकीच महत्त्वाची. पृष्ठभागाशी ते समांतर, मधल्या थरात तिरपे आणि तळाशी उभे असतात; तळचे तंतू कॅल्शियमयुक्त थरात रुतल्यामुळे कूर्चा हाडावरून सरकत नाही. गोल टोच्याने पृष्ठभाग टोचला तर गोल भोक न पडता तंतूंच्या दिशेने चीर पडते, हे हुल्टक्रान्ट्स यांनी 1898 मध्ये दाखवले. 1925 मध्ये बेनिंगहॉफ यांनी तंतूंची ही मांडणी कमानींच्या रूपात वर्णिली.

झिजेच्या संधिवातात सुरुवातीलाच ॲग्रेकन घटते व वरचे जाळे सैल होते. तेव्हा कूर्चेतील पाणी वाढते, आणि तरीही ती मऊ पडते : आवरणारे जाळे ढिले पडले की पाण्यावर दाब टिकत नाही. कूर्चेखालच्या हाडाला सूक्ष्म छिद्रे पाडून केलेल्या उपचारात कूर्चेतील खड्डा भरून येतो, पण बहुधा तंतुमय कूर्चेने. तिच्यात पहिल्या प्रकारचे कोलॅजेन अधिक असते आणि कमानींची मांडणी नसते, त्यामुळे ती मूळ कूर्चेइतकी टिकाऊ ठरत नाही.