रशियन जनरलचं शिकागोतलं पेट्रोल

‘पॉलिमर गॅसोलिन’ हा शब्द मंडळातल्या केमिकल इंजिनियरांना ओळखीचा असेल. बाकीच्यांनी प्लॅस्टिक डोळ्यांपुढे आणू नये. हे पेट्रोलच, पण वायू जोडून केलेलं.

१९२०च्या दशकात रिफायनऱ्या जड तेल तापवून, त्याचे मोठे रेणू तोडून पेट्रोल काढत. या क्रॅकिंगमधून प्रोपीन, ब्युटीन असे तीन-चार कार्बनचे वायू सुटत. शाळेतल्या पुस्तकात त्यांना अल्कीन म्हणतात. पेट्रोलसाठी ते फारच लहान, म्हणून बरेचसे जाळून टाकले जात.

१९३० साली व्लादिमीर इपातिएफ बर्लिनला परिषदेसाठी गेले आणि रशियात परतलेच नाहीत. वय ६२. झारच्या सैन्यात लेफ्टनंट जनरल असलेल्या या रसायनशास्त्रज्ञाची गरज सोव्हिएत सरकारलाही होती. पण सहकाऱ्यांना अटक होऊ लागली, तेव्हा पुढची पाळी कोणाची हे त्यांनी ओळखलं. शिकागोत यूओपी कंपनीने त्यांना नोकरी दिली आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ते शिकवू लागले. आपल्याकडे पेन्शन घेऊन बसायच्या वयात नवा देश, नवी भाषा!

त्यांनी फॉस्फोरिक आम्ल किसलगुर नावाच्या मातीत मुरवून भाजलं आणि त्या घट्ट गोळ्यांवरून हे वायू दाबाखाली सोडले. आम्ल एका अल्कीनला प्रोटॉन देतं. तो रेणू अस्वस्थ होऊन शेजारच्या अल्कीनला धरतो आणि जोडी जमली की प्रोटॉन परत करतो. चार अधिक चार, आठ कार्बनचं नवं अल्कीन! आम्ल पुढच्या जोडीसाठी मोकळं. (विरजणाची उपमा इथे चालत नाही, विरजण वाढतं, आम्ल आहे तेवढंच राहतं.) आयसोब्युटीनचे दोन रेणू असे जोडून त्यांना हायड्रोजन दिला, की आयसोऑक्टेन मिळतं. ऑक्टेनच्या मोजपट्टीवर १०० हा आकडा त्याचाच. लढाऊ विमानांना अशाच इंधनाची भूक होती.

इपातिएफांचा एक मुलगा मात्र रशियातच राहिला होता, तोही रसायनशास्त्रज्ञ. डिसेंबर १९३६ मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीने इपातिएफांचं सदस्यत्व काढून घेतलं. पुढच्या महिन्यात नागरिकत्वही गेलं. त्याच सुमारास मुलाने वडिलांचा जाहीर धिक्कार केला. त्याच्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता, हे इथे सुखरूप बसून ठरवणं मला तरी जमत नाही.

इपातिएफ १९५२ साली शिकागोतच वारले. अकादमीने सदस्यत्व परत दिलं, ते १९९० साली.